आठ जणांपैकी मुलीचं वजन कोण पाहतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्याकडून समजून घेण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल.

तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. आधाराशिवाय बसत नाही, बोलत नाही, पण माणसं ओळखते, हसते, नको असेल तर मान फिरवते. दीड वर्षाची होती तेव्हापासून फिट येतात, सध्या दोन औषधांनी आटोक्यात आहेत. न्यूरोलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर), हाडांचे डॉक्टर, पोटाचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांचा सराव घेणारे), स्पीच थेरपिस्ट (बोलणं आणि गिळणं पाहणारे) आणि आहारतज्ज्ञ अशा आठ जणांकडे तुम्ही जाता. स्पीच थेरपिस्ट म्हणतात तोंडानेच भरवा, पोटाचे डॉक्टर म्हणतात पोटात नळी बसवून घ्या. लसी अर्धवट राहिल्यात, कारण जवळच्या मुलांच्या डॉक्टरांनी "न्यूरोलॉजिस्टना विचारून या" म्हटलं आणि न्यूरोलॉजिस्टनी "ते तुमचे बालरोगतज्ज्ञ ठरवतील" म्हटलं. साध्या तापालाही दोन तास प्रवास करून तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात जाता. आणि तुमचा प्रश्न असा की, एवढे तज्ज्ञ असताना वर आणखी एका साध्या मुलांच्या डॉक्टरची गरज काय?

गरज आहे. धडधाकट मुलाला असते त्याहून कितीतरी जास्त आहे. का, ते तुमच्याच मजकुरातल्या तीन वाक्यांवरून सांगतो.

पहिलं वाक्य: "जेवायला तासभर लागतो." दुसरं: "दर महिन्याला सर्दी-खोकला असतोच, दोनदा न्यूमोनिया झाला." तिसरं तर तुम्ही कंसात लिहिलं आहे: "(वजन आठ महिन्यांत वाढलेलं नाही, पण फिट नाहीत म्हणून डॉक्टर समाधानी आहेत.)" जेवणाचं तुम्ही स्पीच थेरपिस्टना सांगितलं. खोकल्याचं जो डॉक्टर त्या दिवशी भेटला त्याला सांगितलं. वजनाचं कुणालाच सांगितलं नाही, कारण ते नक्की कुणाच्या खात्यात येतं हेच कळत नाही. माझ्यासमोर ही तीन वाक्यं एकत्र आली असती तर मी ती तीन तक्रारी म्हणून ऐकली नसती. घास गिळताना थोडा थोडा श्वासनलिकेत जात असेल का, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला असता. तसं असेल तर जेवण लांबतं, मूल दमतं आणि पोटभर खात नाही म्हणून वजन अडतं, आणि छाती पुन्हापुन्हा भरते. मुलीला न तपासता निदान करण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते करतही नाही. पण हा प्रश्न आठ महिन्यांत कुणी विचारला नाही, आणि त्यात एकाही डॉक्टरने आपल्या कामात कसूर केलेली नाही. न्यूरोलॉजिस्टनी फिट थांबवल्या. हाडांच्या डॉक्टरांनी पाय पाहिले. प्रत्येकाने आपला भाग नीट सांभाळला. मूल पूर्ण कुणाच्याच नजरेत नव्हतं.

ते तुमच्या नजरेत होतं. म्हणूनच तुम्ही इतक्या थकला आहात. आठ दारांमधले निरोप तुम्ही वाहून नेता. याने काय सांगितलं ते त्याला, त्याने काय बदललं ते हिला. त्यात चुकू नये म्हणून सगळं डोक्यात ठेवता. हे काम आईवर सोपवलं जाणं मला अजिबात मान्य नाही. ते आम्हा डॉक्टरांचं काम आहे.

या कामाला बाहेर 'मेडिकल होम' असं नाव आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९६७ मध्ये हा शब्द पहिल्यांदा वापरला तेव्हा त्याचा अर्थ अगदी साधा होता: मुलाची सगळी वैद्यकीय कागदपत्रं जिथे एकत्र असतात ती जागा. पुढे हवाईमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. कॅल्विन सिया यांनी त्या शब्दाला आजचा अर्थ मिळवून दिला. नुसती फाईल ठेवण्याची जागा त्यांना पुरेशी वाटत नव्हती. मुलाला ओळखणारा, कायम उपलब्ध असणारा, घरच्यांना बरोबर घेऊन चालणारा आणि बाकी सगळ्यांचा मेळ घालणारा एक डॉक्टर, आणि त्याच्याभोवती बाकीची सेवा, असा तो अर्थ. १९९२ मध्ये संस्थेने तो धोरण म्हणून मांडला आणि २००२ मध्ये आणखी स्पष्ट केला. नावावर जाऊ नका, इमारत वगैरे काही नसते. आणि हे फक्त सेरेब्रल पाल्सीपुरतं नाही. १९९८ मध्ये तिथेच जी व्याख्या ठरली तीत आजाराचं नाव पाहिलेलंच नाही. ज्या मुलाला दीर्घकाळच्या त्रासामुळे इतर मुलांपेक्षा वेगळ्या प्रकारची किंवा जास्त सेवा लागते, ते विशेष गरजेचं मूल. म्हणजे बळावलेला दमा, मधुमेह, हृदयाचा जन्मजात दोष, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सगळेच त्यात आले.

आता हे कुठे लागू होत नाही तेही सांगून टाकतो. मूल किमोथेरपीवर असेल, घरी व्हेंटिलेटरवर असेल, किंवा उपाशी राहिलं की काही तासांत बिघडणारा चयापचयाचा दुर्मिळ आजार असेल, तर त्या काळात त्या आजाराचं केंद्र हेच मुलाचं मुख्य ठिकाण असतं. तिथे तापाला थेट तिकडेच जायचं. काही मोठ्या केंद्रांत समन्वयासाठी खास नर्स असते. तुमच्याकडे तशी असेल तर अर्धं काम झालंच. आणि जवळ कोण आहे, त्याची किती तयारी आहे, यावर तर सगळंच अवलंबून. पण तुमच्या मुलीचं जे चित्र तुम्ही दिलं आहे, त्यात जवळचा, फोनवर सापडणारा बालरोगतज्ज्ञ मध्यभागी आणि बाकीचे भोवती, हीच मांडणी मला योग्य वाटते.

हा मधला माणूस नसला की काय होतं, ते एका अनुभवातून सांगतो. माझ्याकडे येणारा सात वर्षांचा एक मुलगा. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर दोन वर्षं एकही फिट नव्हती. कुटुंब परगावी गेलं असताना त्याला न्यूमोनिया झाला, तिथल्या रुग्णालयात दाखल केलं. संसर्ग जोरात होता म्हणून मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि फिट सुरू झाल्या. एक, मग तीन, मग मोजता येईनात. व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवला, उपयोग शून्य. रात्री वडिलांचा मला फोन आला. मी औषधांची नावं वाचून दाखवायला सांगितली आणि दुसऱ्याच नावाला थांबलो. मेरोपेनेमच्या गटातली औषधं रक्तातल्या व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने खाली आणतात, आणि डोस वाढवून ती भरून निघत नाही. अँटिबायोटिक बदलावं लागतं, किंवा तेवढ्या काळापुरतं फिटचं दुसरं औषध जोडावं लागतं. तिथल्या डॉक्टरांशी बोललो, त्यांनी लगेच ऐकलं, मुलगा सावरला. त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर न्यूमोनियाचं मूल होतं आणि त्या न्यूमोनियावर त्यांनी योग्यच उपचार केले. फिटच्या औषधाची ओळ फाईलच्या चौदाव्या पानावर होती. ती पहिल्या पानावर हवी होती, आणि ती तिथे ठेवणं माझं काम होतं. त्या मुलाला मी दोन वर्षं तपासत होतो, पण त्याचं एका पानाचं पत्रक केलं नव्हतं. त्यानंतर मात्र पत्रक केल्याशिवाय मी अशा एकाही मुलाला दारातून जाऊ दिलेलं नाही.

तर सुरुवात त्या पत्रकापासून करा. एकच पान. जाड फाईल कुणी वाचत नाही, रात्री दोन वाजता तर नाहीच. सगळ्यात वर नाव, जन्मतारीख आणि आजचं वजन, वजनाच्या शेजारी तारीख. कारण मुलांचा जवळजवळ प्रत्येक डोस किलोवर ठरतो. दहा किलोच्या मुलाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ३०, तेच मूल पंधरा किलोचं झालं आणि डोस तसाच राहिला तर किलोमागे २०. कधी न्यूरोलॉजिस्ट मुद्दाम तसं ठेवतात, फिट नसतील तर वाढवायचं कशाला म्हणून. पण ते ठरवून केलेलं असावं, लक्ष न गेल्यामुळे झालेलं नसावं. त्याखाली निदान, दोन ओळींत. मग औषधं, आणि इथे घाई करायची नाही. प्रत्येक औषधापुढे डोस मिलिग्रॅममध्येही लिहायचा आणि मिलिलिटरमध्येही, आणि कंसात बाटलीची तीव्रता. "पाच मिली सकाळ-संध्याकाळ" या वाक्यासारखं धोकादायक वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही. एका मिलीत ५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून पाच मिली म्हणजे २५० मिलिग्रॅम. दुकानातून दुसऱ्या तीव्रतेची बाटली आली, एका मिलीत १०० वाली, की तेच पाच मिली ५०० होतात. घरच्यांनी काहीही चूक न करता डोस दुप्पट होतो.

औषधांच्या ओळीत आणखी एक गोष्ट लिहा: हे औषध कुणाचं. म्हणजे ते वाढवायचं, कमी करायचं, बंद करायचं हा निर्णय कोण घेणार. प्रत्येक औषधाला एकच धनी असावा. बाकीच्यांना त्यात बदल सुचवायचा असेल तर त्यांनी त्याच्याशी बोलावं. स्नायूंच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर त्यापुढे ठळक अक्षरांत "अचानक बंद करू नये" असं लिहा. ते एकदम थांबवलं तर ताप, वाढलेला ताठरपणा, फिट, असं काहीही उद्भवू शकतं, आणि दाखल झालेल्या मुलाचं तोंडाने द्यायचं औषध गडबडीत राहून जाणं अगदी सहज घडतं. शेवटी अ‍ॅलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया, आणि फिट आली तर काय द्यायचं, किती, किती मिनिटांनी.

आणि एक ओळ तुमच्या मुलीची: नेहमी ती कशी असते. "हाक मारली की डोळे वळवते, आवाज ओळखते, दुखलं की उजवी मूठ घट्ट करते." ही ओळ मी आग्रहाने लिहायला लावतो. ज्याने तिला कधी पाहिलं नाही त्या डॉक्टरला ती आज गुंगीत आहे की नेहमीच अशी असते, हे दुसरं कशावरून कळणार?

हे पत्रक तुम्ही घरी तयार केलंत तरी बालरोगतज्ज्ञांनी ते तपासून, सही करून, तारीख घालून द्यायला हवं. दर बदलाला नवीन पान, जुनं फाडून टाकायचं. दोन पत्रकं घरात असली की चुकीचं तेच हाताशी येतं.

आता नळी की तोंड, याकडे वळतो. तुम्हाला वाटतं दोघांपैकी एक जण चुकतो आहे. मला तसं वाटत नाही. स्पीच थेरपिस्टना मुलीचं तोंड, जीभ, चवीची गोडी जपायची आहे. पोटाच्या डॉक्टरांना तिला पुरेसं अन्न मिळायला हवं आहे. दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलं नाही. अशा वेळी मी काय करतो ते सांगतो. आधी आकडे गोळा करतो: गेल्या वर्षभराची वजनं, छातीचे किती आजार, प्रत्येक जेवणाला किती मिनिटं, जेवताना ठसका लागतो का, पाण्याला जास्त लागतो की घट्ट पदार्थाला, जेवणानंतर आवाज घरघरतो का. एक जेवण नेहमीच अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर ती धोक्याची खूण मानतात, तुमच्याकडे तर तास लागतो. मग गिळण्याची तपासणी मागवतो, शक्य असेल तर एक्स-रेच्या पडद्यावर घास कुठे जातो ते प्रत्यक्ष पाहणारी. औषधांची यादी या नजरेने पुन्हा वाचतो. फिटच्या औषधांपैकी क्लोनाझेपामसारख्या औषधाने लाळ वाढते, गुंगी येते, गिळणं ढिलं पडतं. टोपिरामेटने भूक मरते. तुमच्या मुलीला कोणती दोन औषधं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. यांपैकी एखादं असेल तर या चर्चेत न्यूरोलॉजिस्टनाही यावं लागेल. स्वतःहून मात्र एक थेंबही कमी करू नका.

एवढं हातात आलं की मी दोघांना चिठ्ठी लिहितो. चिठ्ठ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. "कृपया तपासून योग्य सल्ला द्यावा" या चिठ्ठीला उत्तरही तसंच मोघम येतं. मी विचारतो: "वजन आठ महिने स्थिर, दोनदा न्यूमोनिया. तोंडाने देणं कोणत्या घट्टपणापर्यंत सुरक्षित आहे? नळी बसवली तर चवीपुरतं तोंडाने चालू ठेवता येईल का?" या प्रश्नाला हो, नाही, इतकं, असं उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा मग कळतं की भांडण नव्हतंच. नळी बसवली म्हणजे तोंड कायमचं बंद, असं तर मुळीच नाही. पोट नळीने भरायचं आणि चवीचे सुरक्षित घास तोंडाने द्यायचे, हा मार्ग कित्येक मुलांना मानवतो. काहींना नळी लागतच नाही, घट्टपणा आणि बसवण्याची पद्धत बदलली की वजन धरतं. शेवटचा निर्णय तुम्हा दोघा आईवडिलांचा. पण तो दोन तज्ज्ञांच्या मधोमध एकटं उभं राहून घ्यावा लागू नये.

लसींचं उत्तर सोपं आहे. सेरेब्रल पाल्सी असणं आणि फिट आटोक्यात असणं, यामुळे लसी अडत नाहीत. बिघडत चाललेला, निदान न झालेला मेंदूचा आजार असेल तर डांग्या खोकल्याच्या लसीबाबत थांबून विचार करतात. मोठ्या डोसचे स्टिरॉइड चालू असतील तर जिवंत विषाणूंच्या लसी पुढे ढकलतात. तुमच्या मुलीला यांपैकी काही लागू होतं का, हे एका फोनवर कळेल, आणि तो फोन बालरोगतज्ज्ञांनी करायचा, तुम्ही नाही. उलट वारंवार छाती भरणाऱ्या मुलीला न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) आणि दरवर्षीची फ्लूची लस इतरांपेक्षा जास्त गरजेची. लसीनंतर ताप येऊ शकतो, आणि तापात फिट येऊ शकते, म्हणून तापाचं औषध आणि फिटचं औषध हाताशी ठेवून लस द्यायची.

तज्ज्ञांच्या मधल्या फटीतून निसटणाऱ्या आणखी एका गोष्टीची आठवण करतो: खुबा. आधाराशिवाय न बसणाऱ्या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो. सेरेब्रल पाल्सीच्या सगळ्या मुलांत मिळून हे प्रमाण साधारण ३५ टक्के आहे. मुलाला हालचाल किती जमते यावरून पाच पातळ्या करतात, त्यांतल्या सर्वात तीव्र पातळीत ते ९० टक्क्यांच्या घरात जातं. सुरुवातीला दुखत नाही, वरून दिसत नाही, फक्त एक्स-रेत कळतं. म्हणून तीव्र पातळीच्या मुलांत एक ते दोन वर्षांच्या वयात पहिला एक्स-रे आणि पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा, असं चालतं. तुमच्या फाईलमध्ये शेवटचा खुब्याचा एक्स-रे कधीचा आहे ते पाहा. नसेलच, तर येत्या भेटीत तो विचारा. दात, कान, डोळे, हाडांसाठी व्हिटॅमिन डी यांचंही असंच. हाताबाहेर जाईपर्यंत ती कुणाचीच जबाबदारी नसते.

दातांवरून एक मुलगी आठवली. सहा वर्षांची, बोलत नव्हती. तीन आठवडे रात्रभर रडत होती. एका ठिकाणी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) झाला, दुसऱ्या ठिकाणी पित्ताचं औषध वाढलं, फिजिओथेरपी बंद झाली. माझ्याकडे आली तेव्हा मी सगळे कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत तपासायला घेतलं: कान, पोट, खुबे, त्वचा, नखं. हातात काहीच लागेना. तोंड उघडू देत नव्हती. तिची आई सहज म्हणाली, "हल्ली ही घास डावीकडे घेतच नाही." चमच्याने गाल हलकेच बाजूला करून टॉर्च मारला, तर डावीकडची दाढ पार किडलेली आणि हिरडी सुजलेली. आईला तीन आठवडे माहीत होतं की ती डावीकडे चावत नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दाढेवर भूल देऊन उपचार करायचे होते, तेव्हा त्याच भुलेत राहिलेली श्रवण-तपासणी आणि रक्ताच्या चाचण्याही उरकून घेतल्या. वेगवेगळ्या तीन वेळा मुलीला भूल देण्याऐवजी एकदाच. हे जुळवायला मला चार फोन करावे लागले. तिच्या आईला किती करावे लागले असते, आणि तिचं कुणी ऐकलं असतं का, कोण जाणे.

तापाचं काय करायचं, हे तुम्ही स्पष्ट विचारलं आहे. ती सावध आहे, पाणी-दूध घेते आहे, श्वास नेहमीसारखा आहे, तर जवळच्या डॉक्टरांकडे. तापात दोन तास प्रवास करण्यात तुम्ही वेळही घालवता आणि मुलीला दमवताही. मात्र फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एकामागोमाग फिट येऊन मध्ये शुद्धच आली नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते आहे, ओठ निळसर पडलेत, किंवा मूल जागंच होत नाही, तर घरात ठरलेलं फिटचं औषध द्या आणि जे सर्वात जवळचं रुग्णालय असेल तिथे पोहोचा. मोठ्या हॉस्पिटलाची वाट धरू नका, तिथे नंतर हलवता येतं. फिटचं औषध उलटीत बाहेर पडत असेल तर तो दिवस वाट पाहण्याचा नाही, त्याच दिवशी फोन करा. डोस किती वेळात उलटला तर पुन्हा द्यायचा, हे औषधागणिक बदलतं, ते न्यूरोलॉजिस्टकडून आधीच लिहून घ्या. आणि कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं की फिटच्या औषधांची नावं मोठ्याने सांगा. मेरोपेनेमचं वर सांगितलंच. कार्बामॅझेपिन या फिटच्या औषधावर असलेल्या मुलाला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर उलटं होतं, कार्बामॅझेपिनची पातळी वाढते आणि मूल झिंगल्यासारखं होतं.

असा डॉक्टर शोधायचा कसा? खरं सांगतो, आमच्यातले पुष्कळ जण अशा मुलांना हात लावायला घाबरतात. "आधी न्यूरोलॉजिस्टना विचारा" यामागे बरेचदा तीच भीती असते. तुमच्या जवळच्या डॉक्टरांना आणखी एक संधी द्यावी असं मला वाटतं. मुलगी बरी असताना जा, गर्दीच्या वेळी नको, आधी फोन करून वेगळी वेळ मागा. पत्रक समोर ठेवा आणि सरळ विचारा: हिच्या सगळ्याचा मेळ तुम्ही घालाल का, बाकीच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलाल का, आणि तुम्ही नसाल तेव्हा कोण पाहील? आजाराचं सखोल ज्ञान त्यांच्याकडे नसलं तरी चालेल, ते न्यूरोलॉजिस्टकडे आहे. "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं म्हणून खरोखर विचारून सांगणारा डॉक्टर या कामाला उत्तम. तिन्ही प्रश्नांना टाळाटाळ झाली तर दुसरं दार बघा, संकोच करू नका. होकार मिळाला तर दर तीन महिन्यांनी एक भेट ठरवून टाका, जिच्यात सर्दी-तापाचा विषय नाही. वजन, उंची, जेवण, झोप, शौच, दात, खुबे, लसी, औषधांची यादी आणि घरच्यांची तब्येत. सगळ्या तज्ज्ञांना सांगा की भेटीनंतरची चिठ्ठी या डॉक्टरांच्या नावाने द्या. सुरुवातीला काही जण कुरकुरतील, चार-पाच वेळा मागितली की सवय होते.

राहता राहिली तुमची शेवटची ओळ. "मी आजारी पडले तर हिचं काय, कुणालाच सगळं माहीत नाही." या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. पत्रक झालं की त्याच्या तीन प्रती करा: एक मुलीच्या बॅगेत, एक बालरोगतज्ज्ञांकडे, एक घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. तुमच्या घरी ते मुलीचे बाबा असतील, आजी असेल, मावशी असेल. नुसता कागद देऊन भागणार नाही. दर तीन महिन्यांनी ठरलेल्या त्या भेटीला पुढच्या वेळी त्या माणसाला बरोबर न्या, मुलीला त्याच्या मांडीवर द्या, आणि डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यालाच देऊ द्या. तुम्ही शेजारी बसा आणि मध्ये बोलू नका, कितीही जिभेवर आलं तरी. तो जिथे जिथे अडेल ती प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवा. घरी आल्यावर नवीन पत्रक लिहाल तेव्हा आधी त्या ओळी त्यात घाला.